पडलेल्या पोफळींचा हिशेब

भैंशापासून अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे 1956च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादेत गेली आणि 2016 पासून ती निर्मल जिल्ह्यात आहेत. जिल्हा बदलला, राज्य बदलले, तरी इथला संसार काळ्या जमिनीवरच्या कापूस-सोयाबीनवर चालतो. वादळात मोडलेल्या माडा-पोफळींचा, म्हणजे नारळ-सुपारीच्या झाडांचा, आणि फुटलेल्या होड्यांचा विचार इथल्या मराठी वाचकाने का करावा, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर भूगोलात मिळत नाही, सरकारी कागदात मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कोणत्या नुकसानीला किती पैसे द्यायचे, याचा एकच तक्ता केंद्रीय गृह मंत्रालय साऱ्या देशासाठी ठरवते. भैंशाच्या शेतात पाण्याखाली गेलेला कापूस आणि कोकणातल्या श्रीवर्धनच्या वाडीत आडवी झालेली पोफळ या दोन्हींची मोजणी शेवटी त्याच तक्त्यावर येते. जुलै 2021च्या ज्या आठवड्यात चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच आठवड्यात सुद्दवागूला पूर येऊन भैंशाच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. पाऊस एका हंगामाचा होता आणि भरपाईचा मूळ नियमही एकच होता. हा नियम हंगामी पिकाच्या शेतीसाठी घडला आहे आणि किनाऱ्यावरचे नुकसान त्यात मावत नाही. जे मावत नाही ते तिथली माणसे स्वतःचे सोने, स्वतःची जमीन आणि स्वतःच्या मुलांचे शिक्षण घालून भरून काढतात, आणि त्यालाच आपण कौतुकाने जुळवून घेणे म्हणतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाचा वारा श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरुड आणि पलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंत काही तास घुमत राहिला. भारतीय हवामान विभागाने इशारा वेळेवर दिला होता, किनाऱ्यालगतची माणसे हलवली गेली होती, आणि एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने जीवितहानी फार थोडी झाली. हे यश खरे आहे. ओडिशात 1999च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली आणि 2013च्या ‘फायलिन’मध्ये मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला, त्याच शहाणपणाचा लाभ 2020 साली कोकणाला मिळाला. माणसे वाचवण्याची विद्या आपल्याला आता येते. वाचलेली माणसे दुसऱ्या दिवशी घरी परततात तेव्हा काय उरलेले असते, याबाबतीत मात्र आपण जिथे होतो तिथेच आहोत. श्रीवर्धनच्या माणसाने परत येऊन पाहिले तेव्हा कौले उडाली होती, विजेचे खांब झोपले होते, आणि आजोबाने लावलेली, बापाने शिंपलेली वाडी एकावर एक पडून तिच्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती. टाळेबंदीचा काळ होता. मुंबईतली कमाई आधीच थांबली होती, झाडे तोडायला यंत्र मिळत नव्हते, मिळाले तर त्याचे भाडे परवडत नव्हते.

वाडी म्हणजे काय हे इथे नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा, त्याच्या कडेला आणि मधून माड, माडांच्या सावलीत दाटीने पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल, मध्ये कुठे जायफळ, दालचिनी, केळी, आणि या साऱ्याला विहिरीचे पाणी पाटाने फिरवलेले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच रचनेला ‘लाखी बाग’ या नावाने शास्त्रीय रूप दिले. ‘कोकण सुगंधा’ जायफळ आणि ‘कोकण तेज’ दालचिनी या त्याच विद्यापीठाच्या जाती. ‘श्रीवर्धन रोठा’ ही सुपारी तर गावाच्या नावानेच ओळखली जाते. पोफळीचे रोप आधी वर्ष-दीड वर्ष रोपवाटिकेत वाढते, लावल्यावर सहा-आठ वर्षांनी धरू लागते आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास भरात येते. बाणवली माडही सहा ते आठ वर्षांनी लागतो आणि पुढे दोन-तीन पिढ्यांना नारळ देतो. यात एक आणखी अडचण आहे. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, तिचा बुंधा करपतो. जुन्या वाडीत मेलेल्या झाडाच्या जागी नवे रोप लावले की भोवतीची झाडे त्याला सावली धरतात. वादळाने वाडी सरसकट पाडली की सावलीच जाते. मग आधी केळी लावा, ती वाढू द्या, त्यांच्या आडोशाने पोफळ लावा. उघड्यावर सुरुवात करायची म्हणजे दहाची बारा वर्षे होतात.

आता सरकारी मोजणी पाहू. त्या वेळी लागू असलेल्या केंद्राच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी 6,800 रुपये, बागायतीला 13,500 आणि बहुवार्षिक पिकाला 18,000 रुपये मिळत, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. महाराष्ट्र सरकारने ‘निसर्ग’नंतर फळबागांसाठी ही रक्कम 50,000 रुपये केली. बातमीत तो आकडा मोठा वाटला. पण हेक्टरात शंभर गुंठे असतात, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये आणि दहा गुंठ्यांच्या वाडीला 5,000. किनाऱ्यावर ओरड झाली तेव्हा सरकारने हेक्टर सोडून झाडे मोजायचे ठरवले: पोफळीला 50 रुपये, माडाला 250. मागणी मान्य झाली याचा आनंद झाला, आणि तो साहजिक होता. तरी गणित करून पाहावे. शिफारस केलेल्या अंतराने, म्हणजे पावणेतीन मीटरांच्या आसपास, पोफळी लावल्या तर दहा गुंठ्यांत साधारण 137 बसतात. त्यांचे 6,850 रुपये होतात. साडेसात मीटरांवर माड लावले तर हेक्टरी 177 बसतात, त्यांचे 44,250 रुपये, म्हणजे निव्वळ माडांच्या बागेला नव्या मोजणीत जुन्यापेक्षा कमीच मिळतात. दोन्ही झाडे मिळून दहा गुंठ्यांच्या वाडीला अकरा हजारांच्या घरात मदत जाते. जुन्या वाड्या याहून दाट असतात, तिथे रक्कम थोडी वाढेल. पण पन्नास रुपयांत किलोभर सुपारीही येत नाही, आणि अडीचशे रुपये म्हणजे दहा-पंधरा नारळ. मोजण्याचे माप बदलले, मोजण्याची वस्तू तीच राहिली. दोन्ही हिशेबांत झाडाचे गेलेले आणि यायचे वर्ष कुठेच आले नाही.

झाडाची किंमत याहून जास्त असते हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. केंद्र सरकारच्याच नारळ विकास मंडळाने 2009 साली माडांसाठी विमा योजना आणली. तिच्यात पुढे चार ते पंधरा वर्षांच्या माडाची विमा रक्कम 900 रुपये आणि सोळा ते साठ वर्षांच्या माडाची 1,750 रुपये धरली होती. हप्ता होता झाडामागे 9 आणि 14 रुपये, त्यातलाही पाऊण भाग सरकार भरणार. याचा अर्थ सरकारच्या एका खात्याने माडाला 1,750 रुपयांचे मोल दिले आणि दुसऱ्याने, तोच माड वादळात पडल्यावर, 250 दिले. पहिल्या हिशेबात झाडाचे वय विचारले जाते. दुसऱ्यात विचारले जात नाही. विम्याची ही योजना वाडीवाल्यांपर्यंत पोचली असती तर चित्र वेगळे दिसले असते. कोकणात हवामान आधारित फळपीक विमा आंबा-काजूला मिळतो आणि त्यात ठरावीक महिन्यांतला पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदींवरून त्या वर्षीच्या बहराची भरपाई ठरते. तोही शेवटी हंगामाचाच विमा आहे. झाडच मुळासकट उपटले गेले तर पुढच्या दहा बहरांचे काय, याची सोय त्यात नाही.

समुद्रात जाणाऱ्यांचा हिशेब आणखी विचित्र आहे. पूर्ण नष्ट झालेल्या होडीला 2015च्या निकषांत 9,600 रुपये होते, पुढे 2022 नंतरच्या निकषांत ते 15,000 झाले. जाळ्याला आधी 2,600, मग 4,000. इंजिन बसवलेली फायबरची लहान होडी घ्यायला काही लाख रुपये लागतात, तेव्हा या आकड्यांवर अधिक बोलण्याची गरज नाही. ज्या नुकसानीला तक्त्यात घरच नाही ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे बुडालेले दिवस. अरबी समुद्रात 2019 साली पाच चक्रीवादळे झाली: ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’, ‘महा’ आणि ‘पवन’. ‘क्यार’ आणि ‘महा’ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलीही नाहीत. पण पावसाळी बंदी संपल्यावर ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्षाची कमाई व्हायची, त्याच दिवसांत होड्या बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. होडी शाबूत, जाळे शाबूत, घर शाबूत. पंचनाम्याला दाखवायला काहीच नाही. होडी चालवणाऱ्या तांडेलाने खलाशांना आगाऊ दिलेले पैसे, डिझेलची उधारी, बर्फाचा खर्च मात्र अंगावर राहिला. या वेळी राज्य सरकारने एक चांगली गोष्ट केली, तिची नोंद घेतलीच पाहिजे: 2020च्या ऑगस्टमध्ये त्या बुडालेल्या दिवसांसाठी सुमारे 65 कोटी रुपयांचे खास साहाय्य मंजूर झाले. न मिळालेली कमाई हेही नुकसान असते, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले. पण ते अपवाद म्हणून मान्य केले, तेही नऊ-दहा महिन्यांनी, आणि त्याचा नियम झाला नाही. मे 2021मध्ये ‘तौक्ते’ किनारा घासत गुजरातकडे गेले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून निवेदने सुरू झाली.

आणि मासळी सुकवणाऱ्या बायका? बोंबील, जवळा वलांडीवर आणि खळ्यात पसरलेला असताना अवेळी पाऊस आला की दोन दिवसांत माल कुजतो. तो माल त्यांनी बहुधा उसनवारीने घेतलेला असतो. त्या होडीच्या मालक नाहीत, म्हणून त्यांना मासेमारीची मदत नाही. मासळी हे पीक नाही, म्हणून शेतीची नाही. दुकान नाही, म्हणून व्यापाऱ्याचीही नाही. वाडीत पोफळीवर चढणारे पाडेली आणि सुपारी सोलणाऱ्या मजूर बाया यांचेही तसेच. वाडी पडल्यावर मालकाला निदान अकरा हजार मिळाले. ज्यांची मजुरी त्या वाडीवर दहा वर्षांसाठी थांबली त्यांचे नाव कुठल्याही पंचनाम्यात आले नाही.

नुकसान वर्षांत मोजावे लागते याचा तिसरा पुरावा खारजमिनीत आहे. रायगडच्या खाड्यांकाठी मातीचे बांध घालून, उघाड्यांमधून पाणी राखून शेकडो वर्षे भातशेती झाली. उधाणाचे पाणी आणि वादळ एकत्र आले की बांध फुटतो, खारे पाणी शेतात बसते आणि दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. त्या काळात बांध सांधला गेला नाही तर शेतात तिवरे उगवतात. तिवर हे किनाऱ्याचे मोठे संरक्षण आहे आणि उच्च न्यायालयाने 2005च्या व 2018च्या आदेशांनी त्याला जे कवच दिले ते योग्यच दिले. पण त्यामुळे ज्याची शेती सरकारी बांधाच्या हेळसांडीने खारावली त्याची जमीन सातबाऱ्यावर राहून हातातून जाते. एका भरतीत झालेली हानी कायमची होते, आणि मदत देताना मात्र तिला एका हंगामाचे भाताचे पीक समजले जाते.

इथे भैंशाचा शेतकरी विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे: आमचे नुकसान काय लहान आहे? तेलंगणाने 2020च्या सुमारास पंतप्रधान पीकविमा योजना सोडली. पुढे गारपीट झाली, पूर आले तेव्हा सरकारने एकरी दहा हजार जाहीर केले. सीमेपलीकडे भोकर-उमरीच्या शेतकऱ्याला त्याच पावसात वेगळ्या दराने मदत मिळते. दोघांचेही त्यात भागत नाही. कर्ज काढून पेरलेला कापूस गेला की कुटुंब किती वर्षे मागे जाते ते या पट्ट्याला सांगायची गरज नाही, आणि किनाऱ्याला जास्त द्या म्हणून कोरडवाहूला कमी द्या, असे या लेखाचे म्हणणे अजिबात नाही. फरक नुकसानीच्या जातीत आहे. कापूस गेला तरी जमीन राहते आणि जूनमध्ये पेरणी होऊ शकते. पोफळ गेली तर पुढचे दहा जून रिकामे जातात. शिवाय वर्षांचा हा हिशेब समुद्रापुरता नाहीच. मराठवाड्यात 2012-13च्या दुष्काळात जालना-औरंगाबादकडच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हा त्या शेतकऱ्यांवरही हाच अन्याय झाला. पुराने वरची माती खरडून नेली तर पीकनुकसानीपलीकडची वेगळी मदत द्यावी लागते, हे आजच्या निकषांनीही मान्य केले आहे. म्हणजे नुकसान एका हंगामाहून लांब असू शकते, हा विचार तक्त्यात शिरलेला आहे. झाडांपर्यंत आणि होड्यांपर्यंत तो पोचवला गेला नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप कोकणाविषयी प्रेमानेच घेतला जातो. कोकणी माणूस मागत नाही, रडत नाही, पुन्हा उभा राहतो. दिवेआगर-मुरुडला बघा, घरोघर पर्यटकांच्या खोल्या झाल्या आहेत. हे वर्णन चुकीचे नाही. लोकांनी खरोखर वाट काढली. पडलेल्या वाडीत केळी आणि मसाल्याची झाडे लावली, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, कुणी मुंबईतल्या भावाकडून पैसे आणले, कुणी दागिने ठेवले. पण या प्रत्येक वाटेची किंमत असते. पाहुण्यांच्या खोल्या बांधायला ज्याच्याकडे रस्त्याला लागून जागा आणि हातात भांडवल होते त्यानेच बांधल्या, आणि पुढच्या वादळात पर्यटनही त्याच दिवशी बंद पडते ज्या दिवशी वाडी पडते. मुंबईच्या मनीऑर्डरीवर गेली दीडशे वर्षे कोकण जगला, हा त्याच्या चिवटपणाचा पुरावा आहे तसाच राज्याने अंग काढून घेतल्याचाही. आणि काही जणांनी पडकी वाडी बाहेरच्या खरेदीदाराला विकली. विकणारा कोणत्याही यादीत आपत्तिग्रस्त म्हणून राहत नाही. कागदोपत्री त्याचे पुनर्वसन झालेले असते. ‘मागत नाही’ या गुणाचा उपयोग त्याला न देण्यासाठी होऊ नये.

वादळे तर पूर्वीही येत होती, असे तिसरे म्हणणे आहे. येत होती. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढल्याचे आणि अतितीव्र वादळांची त्याहून कितीतरी जास्त वाढल्याचे दिसले; बंगालच्या उपसागरात मात्र किंचित घट होती. अरबी समुद्राचे पृष्ठभागाचे पाणी गेल्या काही दशकांत एक अंशाहून अधिक तापले आहे आणि वादळ त्याच उष्णतेवर पोसते. पूर्वी एखाद्या वाडीच्या आयुष्यात एक मोठे वादळ येई आणि पुढचे येण्याआधी वाडी भरून निघे. बारा वर्षांनी भरणारी जखम सात-आठ वर्षांत पुन्हा उघडू लागली तर स्वतःच्या बळावर सावरण्याची जुनी रीत आपोआप मोडते. किनाऱ्यावर हौसेने लावलेली सुरूची बनेही ‘निसर्ग’मध्ये जागोजाग उन्मळून पडली, आणि दगडी बंधारे एका गावाची वाळू राखताना शेजारच्या गावाची ओढतात. उंडी, केवडा आणि तिवर यांचा जुना पट्टा पुन्हा उभा करणे आणि वीजवाहिन्या जमिनीखालून नेणे ही कामे हवीतच. पण तीही वादळ थांबवत नाहीत, फक्त घाव हलका करतात. उरलेल्या घावाचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्न तसाच राहतो.

पैसे कुठून आणणार, हा शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. राज्याची तिजोरी मोठी नाही आणि एका वादळात लाखो झाडे पडतात, हे मान्य. म्हणूनच एकरकमी मोठी भरपाई मागण्याऐवजी हप्त्याने आणि अटीने मदत मागावी. याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 साली सुरू झाली आणि तिने कोकणातले वरकस डोंगर आंबा-काजूखाली आणले. त्या योजनेत पैसे तीन वर्षांत विभागून मिळत आणि रोपे जगली तरच पुढचा हप्ता येई. वादळात पडलेल्या वाडीला तीच पद्धत लावावी: पहिल्या वर्षी साफसफाई आणि सावलीची केळी, पुढे रोपे, आणि झाड धरेपर्यंत दरवर्षी जगलेल्या झाडामागे निश्चित रक्कम. काम स्थानिक मजुरांना मिळेल, म्हणजे पाडेली आणि सोलणाऱ्या बायाही हिशेबात येतील. सातबाऱ्यावर वीस-वीस वारसांची नावे असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत असतात, तेव्हा संमतिपत्रे गोळा करण्यात वर्ष जाते. म्हणून वाडी प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मदत मिळावी. हवामान विभागाने समुद्रात जाऊ नका असा इशारा दिलेल्या दिवसांची नोंद सरकारकडे असतेच. बंदी महिन्यांबाहेर असे ठरावीक दिवस ओलांडले की नोंदणीकृत होडीला, खलाशाला आणि मासळी विकणाऱ्या-सुकवणाऱ्या बाईला पंचनाम्याविना ठरलेली रक्कम जावी. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांसाठी 1,000 कोटी रुपये सुचवले होते. हळूहळू होणाऱ्या हानीसाठी वेगळी तरतूद करता येते, हे त्यातून दिसते.

नोव्हेंबर 2022मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत गरीब देशांनी ‘हानी आणि नुकसान’ यासाठी स्वतंत्र निधी मिळवला आणि भारत त्यांच्या बाजूने उभा होता. ज्यांनी हवा तापवली नाही त्यांनी तिची किंमत एकट्याने भरू नये, हे तत्त्व आपण जगापुढे मांडले. श्रीवर्धनचा वाडीवाला आणि मुरुडची मासळीवाली तेच तत्त्व आपल्या सरकारपुढे मांडत आहेत, आणि भैंशाचा कापूसवालाही तेच मांडतो आहे. आपत्ती मदतीचे निकष 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी ठरले होते; सोळाव्या वित्त आयोगाचा काळ 2026-27 पासून पाच वर्षांचा आहे. तक्ता नव्याने लिहायची हीच वेळ आहे. किनाऱ्यावरच्या आमदार-खासदारांनी त्यात पडलेल्या झाडाचे वय आणि समुद्राने बुडवलेले दिवस हे दोन रकाने घालून घ्यावेत, आणि नांदेड, निर्मल, जालन्याच्या प्रतिनिधींनी त्यांना साथ द्यावी. ‘निसर्ग’नंतरच्या पहिल्या पावसाळ्यात लावलेली पोफळ 2030च्या सुमारास भरात येईल, तिच्या मालकाला मिळालेली मदत एकदाच मिळाली.